वाचकांचे प्रश्न : फ्युसनची तळी आणि राजा लुडविगचे राजवाडे

दोन अंकांपूर्वी याच सदरात जर्मनीच्या दक्षिण टोकाला, ऑस्ट्रियाच्या सीमेलगत वसलेल्या फ्युसन या गावाचा मी ओघात उल्लेख केला होता. सिद्धेश्वर तलावाच्या काठावर उभे राहून भुईकोट किल्ल्याचे बुरूज पाहताना जे वाटते, त्याची आठवण तेथे होते, एवढेच ते वाक्य होते. त्या एका वाक्यावर सोलापूर शहरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून इतकी पत्रे आली की हे सदर त्यांनाच द्यावे असे ठरले. बहुतेकांना हवी असलेली माहिती सारखीच असल्यामुळे निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. उच्चारांबाबत एक खुलासा आधीच करतो. जर्मन भाषेत तळ्याला ‘झे’ म्हणतात, त्यामुळे आल्पझे, फोर्गनझे, होप्फनझे ही सारी तळ्यांचीच नावे आहेत. आणि ‘श्वान’ हा शब्द दिसला की आपल्या संस्कृतातला श्वान डोळ्यांपुढे आणू नये, तेथे त्याचा अर्थ राजहंस असा आहे.

प्रश्न : आम्ही दोघे बँकेतून निवृत्त झालो असून पुढील वर्षी युरोपची दहा दिवसांची सहल करणार आहोत. कार्यक्रमात नॉयश्वानश्टाइन किल्ल्यासाठी तीन तास दिले आहेत. तेवढे पुरतात का? हा किल्ला नळदुर्गासारखा आहे का?
– एक दांपत्य, जुळे सोलापूर

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याच्या उत्तरातच पहिल्याचे उत्तर दडलेले आहे. फ्युसनजवळचा नॉयश्वानश्टाइन हा आपल्या अर्थाने किल्ला नाहीच. जर्मन भाषेत लढाऊ किल्ल्याला ‘बुर्ग’ आणि राजवाड्याला ‘श्लॉस’ असे दोन वेगळे शब्द आहेत आणि ही वास्तू ‘श्लॉस’ म्हणून ओळखली जाते. नळदुर्गाचा तट शत्रूला अडवण्यासाठी बांधलेला आहे, बोरी नदीवरचा पाणीमहालसुद्धा बंधाऱ्याच्या पोटात आहे, म्हणजे तेथील सौंदर्यही कामाला जुंपलेले आहे. नॉयश्वानश्टाइनच्या बुरुजांवरून कधी तोफ डागण्याची वेळ आली नाही आणि येईल अशी कुणाची कल्पनाही नव्हती. त्याची कोनशिला ५ सप्टेंबर १८६९ रोजी बसवली गेली, आणि त्याआधीच आपल्या सोलापुरात आगगाडी पोचलेली होती, एवढे सांगितले म्हणजे ही इमारत किती अलीकडची आहे ते ध्यानात येईल. बाहेरून ती मध्ययुगीन दिसते. भिंती मात्र विटांच्या असून वरून फिकट चुनखडीच्या दगडाचे आवरण दिलेले आहे. आत गरम हवेने खोल्या उबदार ठेवण्याची व्यवस्था, प्रत्येक मजल्यावर नळाचे पाणी, नोकरांना बोलावण्यासाठी विजेची घंटा आणि पुढे टेलिफोनही होता.

हे सारे ज्याच्या मनात आले तो दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरिया राज्याचा राजा लुडविग दुसरा. वयाच्या अठराव्या वर्षी, १८६४ मध्ये, तो गादीवर आला. दोनच वर्षांत प्रशिया या उत्तरेकडच्या जर्मन राज्याबरोबरच्या युद्धात बव्हेरियाचा पक्ष हरला आणि राजाच्या हातातली खरी सत्ता आटत गेली. मग त्याने संगीतकार रिचर्ड वाग्नर यांच्या ऑपेरांतले मध्ययुगीन जग दगडात उभे करायचे ठरवले. वास्तूची पहिली चित्रे काढण्याचे काम त्याने वास्तुशिल्पज्ञाकडे न देता ख्रिस्तियान यांक या रंगभूमीच्या चित्रकाराकडे दिले. संगीत नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या कलावंताला बोलावून एखाद्या संस्थानिकाने ‘माझा वाडा काढून दे’ म्हणावे, तसाच हा प्रकार होता. एकदा हे कळले की मग ती वास्तू पाहताना जो थोडा अविश्वास मनात डोकावतो, त्याचा उलगडा होतो : आपण नेपथ्याकडे पाहत असतो. सिंहासनाच्या दालनात लाखो खड्यांची मोझेक जमीन आहे, राजमुकुटाच्या आकाराचे भले मोठे झुंबर आहे, परंतु सिंहासन नाही. ते बसवण्यापूर्वीच राजा गेला. ‘नॉयश्वानश्टाइन’ हे नावसुद्धा त्याच्या मृत्यूनंतर रूढ झाले.

आता तीन तासांविषयी. आतला मार्गदर्शित फेरफटका जेमतेम अर्ध्या तासाचा असतो, छायाचित्रे काढण्यास मनाई आहे आणि तिकिटावर छापलेल्या वेळेलाच फाटक उघडते. खाली होहेनश्वानगाउ गावातल्या तिकीटघरापासून वर चालत जाण्यास तीस ते चाळीस मिनिटे लागतात. वाड्याचे प्रसिद्ध छायाचित्र ज्या मारियन पुलावरून घेतले जाते तेथे जाऊन परत येणे, रांगा आणि उतरणे धरले की तीन तास पुरे होतात. होतात, पण तेवढ्यातच संपतात. पहिल्या खेपेला मी अशाच सहलीतून गेलो होतो. पुलावरच्या गर्दीत अडकल्यामुळे माझी वेळ सात मिनिटांनी चुकली, तिकीट वाया गेले, आणि हातात उरलेला तास काय करावा हे न सुचल्यामुळे मी उतार उतरून आल्पझेच्या काठावरच्या बाकावर जाऊन बसलो. तेथे बसल्यावर समजले की पाहायची गोष्ट ही होती आणि आपण तिच्याकडे पाठ करून चढत होतो. म्हणून सल्ला असा की शक्य असेल तर या टप्प्यापुरते सहलीतून सुटावे, फ्युसनला तीन रात्री मुक्काम करावा, राजवाड्याला त्यातली एक सकाळ द्यावी आणि उरलेला सगळा वेळ पाण्याला द्यावा. सहल बदलता येत नसेल तर निदान आतला फेरफटका सोडून द्यावा आणि ती दोन घटका तळ्याकाठी घालवावीत. हे मत पुष्कळांना पटणार नाही, याची मला कल्पना आहे.

जाता जाता एक योगायोग नोंदवतो. जुलै २०२५ मध्ये पॅरिसला झालेल्या ज्या बैठकीत युनेस्कोने रायगड, राजगड, प्रतापगडासह बारा मराठा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्याच बैठकीत लुडविगचे नॉयश्वानश्टाइन, लिंडरहोफ, शाखन आणि हेरेनकीमझे हे चार राजवाडेही यादीत आले. राज्य उभे करण्यासाठी बांधलेले गड आणि राज्य हातचे गेल्यावर बांधलेले वाडे एकाच आठवड्यात एका पंक्तीला बसले.

प्रश्न : मी शिक्षिका असून मुले सातवीत आणि चौथीत आहेत. आम्हाला मे महिन्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीतच निघता येते. इंटरनेटवर फोर्गनझे तळ्याची काही छायाचित्रे निळ्याशार पाण्याची, तर काही नुसत्या चिखलाची दिसतात. खरे कोणते मानावे?
– एक वाचक, सात रस्ता परिसर

उत्तर : दोन्ही खरी आहेत. फोर्गनझे हे नैसर्गिक तळे नसून लेख नदी अडवून १९५४ मध्ये तयार झालेला जलाशय आहे आणि भरलेला असताना क्षेत्रफळाने तो जर्मनीतला सर्वांत मोठा जलाशय ठरतो. त्याचा विस्तार सुमारे पंधरा चौरस किलोमीटर आहे. आपल्याला उजनी डोळ्यांसमोर आणता येत असल्यामुळे हे समजणे सोपे आहे, फक्त तेथील ऋतुचक्र उलटे आहे. उजनी पावसाळ्यात भरते आणि मे अखेरीस तळ गाठते. फोर्गनझे हिवाळ्यात मुद्दाम रिकामे केले जाते आणि वसंतात आल्प्स पर्वतावरचे बर्फ वितळून लेख नदीला लोंढे आले की ते पाणी त्यात साठवून खालच्या गावांना पुरापासून वाचवतात. वीजनिर्मितीही त्यावरच चालते. सर्वसाधारणपणे जूनच्या आरंभापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तळे भरलेले असते आणि फ्युसनच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या प्रवासी बोटी त्याच काळात चालतात. लहान फेरी सुमारे तासाभराची आणि मोठी फेरी सुमारे दोन तासांची असते.

म्हणजे आपल्या दोन्ही सुट्ट्या या तळ्याच्या दृष्टीने गैरसोयीच्याच आहेत. मे महिन्यात ते भरत असते आणि दिवाळीत उतरणीला लागलेले असते. तरीही निराश होण्याचे कारण नाही. आल्पझे आणि होप्फनझे ही नैसर्गिक तळी बाराही महिने भरलेली असतात. शाळा उघडण्यापूर्वीचा, म्हणजे मे अखेर ते जूनच्या पहिल्या आठवड्याचा काळ साधला, तर सोलापूरच्या बेचाळीस अंशांतून निघून वीस अंशांच्या आसपास पोचाल, रात्री नऊपर्यंत उजेड मिळेल आणि कदाचित हंगामातली पहिली बोटही सापडेल. या दिवसांत दुपारनंतर गडगडाटी पाऊस येण्याची सवय त्या प्रदेशाला आहे, तेव्हा छत्रीऐवजी टोपी असलेले पावसाळी जाकीट न्यावे.

चिखलाच्या छायाचित्रांविषयी मात्र थोडे अधिक सांगावेसे वाटते. हा जलाशय होताना फोर्गन नावाची वस्ती पाण्याखाली गेली आणि तळ्याला तिचेच नाव राहिले. आल्प्स ओलांडून इटलीकडून येणारा ‘व्हिया क्लाउडिया ऑगस्टा’ हा रोमन राजमार्गही याच खोऱ्यातून जात होता. पाणी उतरले की तळात त्या मार्गाच्या आणि जुन्या वस्तीच्या खुणा दिसतात आणि लोक मुद्दाम त्या पाहण्यासाठी कोरड्या तळ्यात चालत जातात. उन्हाळ्यात उजनीचे पाणी ओसरले की पळसदेवचे मंदिर वर येते आणि पुनर्वसनात दूर गेलेली माणसे आपला गाव पाहायला येतात, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना या चिखलाचे नवल वाटणार नाही. मुलांना ही हकिकत तेथे सांगावी; चौथीतल्या मुलालाही धरण म्हणजे काय ते एका वाक्यात कळेल.

खर्चाच्या बाबतीतही मुलांची सोय आहे : नॉयश्वानश्टाइनमध्ये अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेशशुल्क नाही, ऑनलाइन आरक्षणाचा किरकोळ आकार तेवढा पडतो. तिकीट मात्र निघण्याच्या काही आठवडे आधीच काढून ठेवावे. उन्हाळ्यात एका दिवसात सहा हजारांवर माणसे आत जातात आणि त्या दिवशीची तिकिटे सकाळीच संपतात.

प्रश्न : माझ्या आईचे वय बहात्तर आहे आणि गुडघे दुखतात. तिला नेता येईल का?
– एक वाचक, होटगी रस्ता

उत्तर : नेता येईल, परंतु राजवाड्याच्या आत नेण्याचा आग्रह धरू नये. वर जाण्यासाठी घोड्यांच्या बग्ग्या आहेत, मात्र त्या दारापर्यंत जात नाहीत. शेवटचा चढ पायीच चढावा लागतो. छोटी बसही आहे, ती मारियन पुलाजवळ सोडते आणि तेथून वाड्यापर्यंत उतार आहे. गुडघेदुखी असलेल्या माणसाला चढापेक्षा उतारच अधिक छळतो, हे बस सुचवणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. हिमवर्षाव झाला तर बस बंद असते. आत दीडशेहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात आणि साधारण तेवढ्याच उतराव्या लागतात. चाकांच्या खुर्चीवरील अभ्यागतांसाठी उद्वाहकाची सोय होऊ शकते. त्यासाठी आधी कळवून ठेवावे लागते.

आईंसाठी मी वेगळा दिवस सुचवीन. सकाळी आल्पझेच्या काठावरील बव्हेरियन राजांच्या संग्रहालयात जावे. तेथून लुडविगच्या वडिलांनी, मॅक्सिमिलियन यांनी, जुन्या पडक्या गडाच्या जागी १८३० च्या दशकात उभारलेला पिवळा होहेनश्वानगाउ वाडा वर दिसतो. लुडविगचे बालपण याच वाड्यात गेले आणि त्याच्या भिंतींवर राजहंसाच्या सरदाराची कथा रंगवलेली होती. मुलाच्या डोक्यात राजहंस कोठून शिरला, हा प्रश्न मग पडत नाही. तळ्याचा काठ संग्रहालयाला लागूनच आहे, तेथे बाके आहेत आणि पाणी इतके स्वच्छ आहे की काठालगतचे मासे बाकावरून मोजता येतात.

दुपारी फ्युसन गाव पाहावे. ते सपाट आहे, मध्यावर वाहनांना बंदी असलेला रस्ता आहे आणि संत मांग यांच्या जुन्या मठात शहराचे संग्रहालय आहे. तेथील ल्यूट आणि व्हायोलिन यांचा संग्रह चुकवू नये. ल्यूट हे तंतुवाद्य बनवणाऱ्या कारागिरांचा युरोपातला पहिला संघ १५६२ मध्ये याच गावात स्थापन झाला. डोंगरात उत्तम लाकूड, ते वाहून न्यायला लेख नदी आणि दारात इटलीचा व्यापारी मार्ग, एवढ्या भांडवलावर एका लहान गावाने सगळ्या खंडाला वाद्ये पुरवली. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून ज्यांनी तंबोरा आणला आहे त्यांना येथे घरच्यासारखे वाटेल. मठाच्या वर ‘होहेस श्लॉस’ म्हणजे ऑग्सबुर्गच्या धर्माधिकाऱ्यांचा जुना वाडा आहे. त्याच्या चौकात उभे राहिल्यावर भिंतींवर नक्षीदार खिडक्या आणि सज्जे दिसतात. जवळ जाऊन पाहावे तो त्यातील पुष्कळशा केवळ रंगवलेल्या आहेत. ही फसवी चित्रे पाचशे वर्षांपूर्वीची आहेत. गावापासून थोड्या अंतरावर लेख नदी बारा मीटर उंचीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या बंधाऱ्यावरून कोसळते, तोही सपाटीवरूनच पाहता येतो. आपल्याकडच्या नर-मादी धबधब्यांची सर त्याला नाही, पण पाण्याचा दुधी हिरवा रंग मात्र आपल्याकडे पाहायला मिळणार नाही.

प्रश्न : आम्ही चार मित्र सह्याद्रीत नियमित भटकंती करतो. कळसूबाई, हरिश्चंद्रगड झाले आहेत. या भागात आमच्यासारख्यांना काय आहे?
– एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : टेगेलबर्ग आहे. होहेनश्वानगाउपासून मारियन पुलावरून वर चढत गेले की सुमारे नऊशे मीटर उंची गाठून केबल कारच्या वरच्या स्थानकाशी, म्हणजे सुमारे १,७२० मीटरवर पोचता येते. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर आहे, तेव्हा तुमच्या पायांना ही उंची नवी नाही. थोडे पुढे ब्रान्डरश्रोफन हे सुमारे १,८८० मीटरचे शिखर आहे, त्याचा शेवटचा टप्पा खडकाळ असून हाताने धरत जावे लागते. पुलापासून वर तीन तास धरावेत. वर पोचल्यावर एका बाजूला ऑस्ट्रियाची बर्फाळ शिखरे आणि दुसऱ्या बाजूला एकदम सपाट झालेला मुलूख व त्यात सांडलेली तळी दिसतात. आल्प्स कोठे संपतात ही सीमा इतकी स्पष्टपणे मी दुसरीकडे पाहिलेली नाही. उतरताना केबल कार घ्यावी, त्यात कमीपणा नाही. याच डोंगरावरून पॅराग्लायडिंगही चालते आणि प्रशिक्षित चालकाबरोबर जोडीने उडण्याची सोय आहे.

सह्याद्रीतल्या सवयींत दोन बदल करावे लागतील. तेथे वाटा शोधायच्या नसतात, पाळायच्या असतात. पाट्यांवरचा निळा रंग सोपी, लाल रंग मध्यम आणि काळा रंग अवघड वाट दाखवतो, आणि पाटीवर अंतराऐवजी वेळ लिहिलेली असते. दुसरे असे की मे अखेरीपर्यंत वरच्या सावलीच्या घळींत बर्फ असू शकते. आपल्याकडे बूट पावसात घसरतात याची सवय असते, बर्फावरची घसरण त्याहून वेगळी आणि फार वेगवान असते. वाट बंद असल्याची पाटी दिसली तर तिच्याशी वाद घालू नये. मारियन पूलही बर्फ असताना बंद ठेवतात. घळीपासून नव्वद मीटर उंचीवर टांगल्यासारखा असलेला हा लोखंडी पूल लुडविगने १८६६ मध्ये जुन्या लाकडी पुलाच्या जागी बसवला. पुलाला त्याच्या आईचे, राणी मारीचे नाव आहे. राजवाड्यात जन्मलेली ही बाई स्वतः हौसेने डोंगर चढत असे, हे तुम्हा मंडळींना सांगायला हवे. तातडीची मदत हवी असेल तर ११२ हा क्रमांक डोंगरातही चालतो.

एक दिवस सायकलीसाठी ठेवावा. फोर्गनझेभोवतीचा मार्ग सुमारे बत्तीस किलोमीटरचा आहे, फ्युसनमध्ये सायकली भाड्याने मिळतात आणि मधल्या चढांचा कंटाळा असेल तर विजेवर चालणाऱ्याही मिळतात. निवांत चालायचे असेल तर आल्पझेची सुमारे पाच किलोमीटरची प्रदक्षिणा दीड-दोन तासांत होते. तिचा दूरचा काठ जवळजवळ निर्मनुष्य असतो, कारण मोटारींतून आलेली गर्दी चारशे पावलांपलीकडे जात नाही. पोहायचे असल्यास आल्पझे थंडगार आहे, होप्फनझे उथळ असल्यामुळे लवकर तापते. आल्पझेत वल्हवायच्या होड्या मिळतात; त्या तासाच्या हिशेबाने असतात आणि तळ्याच्या मध्यावर गेल्यावर दोन्ही राजवाडे एकाच नजरेत येतात.

आणखी हौस असेल तर ऑस्ट्रियात रॉयटे गावाजवळ एरेनबर्गच्या खऱ्याखुऱ्या लढाऊ किल्ल्याचे अवशेष आहेत. तेथे २०१४ मध्ये दोन डोंगरांमध्ये ४०६ मीटर लांबीचा पायी झुलता पूल टाकला आहे. शेंगेन व्हिसा दोन्ही देशांत चालतो, पासपोर्ट मात्र खिशात असावा.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत आणि अंडेही खात नाही. उपासमार होईल का? कडक भाकरी नेली तर चालते का?
– एक गृहिणी, अक्कलकोट रस्ता

उत्तर : कडक भाकरी आणि शेंगाची चटणी अवश्य न्या, असा टिकाऊ पदार्थ जगात कोणाजवळ नाही. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे व मांसाचे पदार्थ आणण्यास बंदी आहे, म्हणून तूप, पेढे, बर्फी घरीच ठेवावीत. ताजी फळे आणि भाज्या यांनाही बहुतांशी वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते, तेव्हा हापूस नेण्याचा मोह आवरावा.

तेथे हॉटेलात ‘मांस नाही’ एवढे सांगून भागत नाही, कारण फसवणारे पदार्थ वेगळेच आहेत. केसश्पात्सन हा त्या प्रदेशाचा लाडका पदार्थ चीज आणि परतलेल्या कांद्याचा असल्यामुळे शाकाहारी म्हणून दिला जातो, परंतु त्यातील शेवयांच्या पिठात अंडे असते. बटाट्याच्या कोशिंबिरीत त्या भागात पुष्कळदा मांसाचे पाणी घालतात, आणि घावनाच्या पट्ट्या घातलेले साधे दिसणारे सूप बहुधा गोमांसाच्या पाण्यात केलेले असते. ‘ओहने आय, ओहने फ्लाइश’, म्हणजे अंडे नको, मांस नको, हे कागदावर लिहून दाखवावे. ‘वेगान’ हा शब्द सगळीकडे समजतो आणि तो सांगितला की दोन्ही प्रश्न एकदम सुटतात. मिठाचे खडे लावलेला ब्रेत्सेल हा पाव, उकडलेले बटाटे, सॅलड आणि फळे मिळतातच. स्वयंपाकघर असलेली खोली घेतली तर उत्तम, मात्र रविवारी दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारीच सामान भरून ठेवावे. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते.

प्रश्न : व्हिसा आणि प्रवासाचे थोडक्यात सांगावे.
– अनेक वाचक

उत्तर : शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो, उन्हाळ्यासाठी दोन-तीन महिने आधीची भेटीची वेळ घ्यावी. शुल्क प्रौढांसाठी ९० युरो आणि सहा ते बारा वर्षे वयाच्या मुलांसाठी ४५ युरो आहे. वैद्यकीय विमा निदान तीस हजार युरोंचा हवा. म्युनिकहून फ्युसनला आगगाडीने सुमारे दोन तास लागतात, काही गाड्यांना मध्ये बदल असतो. पाच जणांपर्यंत एकत्र वापरता येणारे बव्हेरिया राज्याचे दिवसाचे तिकीट स्वस्त पडते. ते सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच लागू होते आणि वेगवान लांब पल्ल्याच्या गाड्यांत चालत नाही. फ्युसन स्थानकासमोरूनच होहेनश्वानगाउची बस सुटते.

प्रश्न : राजा लुडविग खरोखर वेडा होता का? त्याचा खून झाला असे वाचले.
– एक वाचक, बार्शी

उत्तर : एवढे निश्चित सांगता येते. बांधकामांचा खर्च तो मुख्यतः स्वतःच्या उत्पन्नातून आणि कर्जातून करीत होता. कर्ज बेसुमार वाढले, तरी नव्या वाड्यांचे आराखडे थांबेनात, आणि मंत्रिमंडळाला त्याला दूर करण्याची घाई झाली. जून १८८६ मध्ये बर्नहार्ड फॉन गुडन यांच्या नेतृत्वाखाली चार मनोविकारतज्ज्ञांनी त्याला राज्य करण्यास असमर्थ ठरवले, आणि तेही त्याची प्रत्यक्ष तपासणी न करता. त्याला नॉयश्वानश्टाइनमधून ताब्यात घेऊन श्टार्नबर्ग तळ्याकाठच्या बर्ग वाड्यात नेण्यात आले. दुसऱ्याच दिवशी, १३ जून रोजी, संध्याकाळी फिरायला गेलेले राजा आणि डॉक्टर दोघेही तळ्यात मृतावस्थेत सापडले. अधिकृत नोंद आत्महत्येची आहे. तर्क आजतागायत थांबलेले नाहीत. वैद्यांनी रोग्याला न पाहता निदान केले, हे मला खुनाच्या कोणत्याही तर्कापेक्षा अधिक अस्वस्थ करते. त्यानंतर सात आठवड्यांच्या आत, १ ऑगस्ट १८८६ पासून, नॉयश्वानश्टाइन तिकीट लावून लोकांना खुला झाला आणि त्या उत्पन्नातून कर्जाला हातभार लागू लागला. एकांतासाठी बांधलेल्या त्या वाड्यात आज वर्षाला दहा लाखांहून अधिक माणसे येतात.

प्रश्न : म्युनिकहून परत निघण्यापूर्वी एक दिवस हाताशी आहे. आणखी एखादे तळे सुचवाल का?
– एक वाचक, पंढरपूर

उत्तर : कीमझे. म्युनिकहून प्रीन या स्थानकापर्यंत सुमारे तासाभराचा प्रवास आहे. तेथून धक्क्यापर्यंत उन्हाळ्यात १८८७ पासूनची छोटी वाफेची गाडी धावते आणि पुढे बोटीने पंधरा-वीस मिनिटांत हेरेन बेटावर पोचता येते. लुडविगने १८७८ मध्ये येथे फ्रान्सच्या व्हर्सायची प्रतिकृती बांधायला घेतली. तिचा आरसेमहाल व्हर्सायपेक्षाही लांब केला आणि पैसे संपल्यामुळे उत्तरेकडचा जिना उघड्या विटांचाच राहिला. दिपवून टाकणाऱ्या सोनेरी दालनातून एक दार ओलांडले की कोरी वीट समोर येते, तो क्षण मला साऱ्या नॉयश्वानश्टाइनपेक्षा अधिक बोलका वाटला. बेटावरच्याच जुन्या मठात ऑगस्ट १९४८ मध्ये पश्चिम जर्मनीच्या राज्यघटनेचा पहिला मसुदा तयार करणारी परिषद भरली होती. ती खोली बहुतेक प्रवासी न पाहताच परततात, तुम्ही पाहून यावी. वेळ उरला तर पुढच्या फ्राउएन बेटावरही जाता येते. तेथे मोटारी नाहीत, कोळ्यांची घरे आहेत आणि तासाभरात बेटाची प्रदक्षिणा पूर्ण होते. पहिल्या धक्क्यावर उतरतानाच परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ पाहून ठेवावी.